शाळेच्या संगणकावर हुकमत कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणकप्रणालीची मोफत देखभाल थांबविली. वर्तमानपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर ही बातमी ग्राहकास दिलेल्या सूचनेच्या थाटात छापून आली. नवी आवृत्ती बसवा. संगणक जुना असेल तर नवा घ्या. ज्या सरकारी शाळेने दहा वर्षांपूर्वी, कोठून कोठून अर्ज-विनंत्या करून, वीस-तीस संगणक मिळविले आणि ते आजही धडधाकट चालत आहेत, तिच्या मुख्याध्यापकाने काय करावे, याचा विचार त्या पानांवर फारसा कोणी केला नाही. ‘विंडोज ११’ ही नवी आवृत्ती २०२१ साली आली. तिच्यासाठी ठरावीक सुरक्षा-चकती आणि २०१७ नंतरच्या पिढीचा प्रक्रियक लागतो. म्हणजे २०१६ साली खरेदी केलेले यंत्र बिघडलेले नसले, मुलांच्या कामास पुरेसे असले, तरी कंपनीच्या यादीनुसार ते बाद. ‘कॅनालिस’ या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याची शक्यता होती.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीकडे पाहावे. काही दशकांपूर्वीपर्यंत हे शहराबाहेरचे खेडे होते. आज तेथील बाह्य वळण रस्त्याच्या दुतर्फा काचेच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. थोडे पुढे कडुबीसनहळ्ळी येथे अ‍ॅडोबी आणि सिस्को या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. साऱ्या जगात परवाना-शुल्क घेऊन विकल्या जाणाऱ्या आज्ञावलींवर तेथे भारतीय अभियंते राबतात. त्याच रस्त्यामागच्या गल्ल्यांत संगणक-प्रशिक्षणाच्या शिकवण्या आणि खाणावळी आहेत. सोलापूर, लातूर, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील पदवीधर तरुण घरचे कर्ज घेऊन तेथे उतरतात आणि जी आज्ञावली उद्या नोकरी देईल असे त्यांस सांगितले जाते ती शिकतात. याच परिसरात त्या इमारती बांधणाऱ्या, झाडणाऱ्या, त्यांवर पहारा करणाऱ्या श्रमिकांच्या वस्त्याही आहेत. त्यांची मुले सरकारी शाळेत किंवा अल्प फीच्या खाजगी शाळेत जातात. आज्ञावली घडविणारे हात आणि ती वापरू पाहणारी मुले यांच्यात अंतर फार तर दोन-तीन किलोमीटरचे आहे. परंतु त्या दोहोंमध्ये मालकीहक्काची भिंत उभी आहे.

शाळेच्या संगणक-कक्षाचा व्यवहार ठाऊक नसणाऱ्यास ‘जुनी आवृत्ती’ हा शब्द मागासलेपणाचा वाटतो. प्रत्यक्षात शाळेस पुष्कळदा जुनी आवृत्तीच हवी असते आणि ती हवी असण्यास सबळ कारणे असतात. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेने संपते. पाठ्यपुस्तकातील चित्रे, शिक्षकांची टिपणे, परीक्षेचे प्रश्न हे सर्व एका विशिष्ट आवृत्तीवर बेतलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत आज्ञावलीने स्वतःहून नवे रूप धारण केले, तर पुस्तकात ज्या जागी बटण दाखविले आहे त्या जागी ते नसते. वर्गात चाळीस मुले एकाच वेळी हात वर करतात. मागील वर्षी मुलांनी केलेले काम उघडणे, तिसही यंत्रांवर अगदी एकच आवृत्ती असणे, कमी स्मृतीच्या यंत्रावर ती चालणे, या गरजा शिकविण्याच्या आहेत. त्यांत हौसेचा भाग नाही.

म्हणून संगणक-कक्षाची निगा राखणारा माणूस काय करतो? तो एका यंत्रावर सर्व काही नीट बसवितो, त्याची हुबेहूब प्रत बनवितो आणि शाळेतील मुख्य यंत्रावरून ती प्रत इतर सर्व यंत्रांवर उतरवितो. मुलांना यंत्रात फेरबदल करण्याची मुभा नसते. काही ठिकाणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते सकाळच्या मूळ अवस्थेत येते. ही पद्धत सोपी, स्वस्त आणि शिस्तीची आहे. मात्र ती एका अटीवर उभी आहे: त्या माणसापाशी त्या आवृत्तीचे संपूर्ण प्रतिष्ठापन-संच असले पाहिजेत आणि ते हवे तितक्या वेळा, हवे तेव्हा बसविण्याचा हक्क असला पाहिजे. आजच्या मोठ्या आज्ञावली वीस-वीस गिगाबाइटच्या असतात. शाळेची वाहिनी सेकंदाला २० मेगाबिटची आहे असे धरले, तर एक प्रत उतरवून घेण्यास सव्वादोन तास लागतील आणि मग ती शाळेच्या आतल्या जाळ्यातून तीस यंत्रांवर पोहोचेल. कंपनीने प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे उतरविण्याची सक्ती केली, तर हाच हिशेब सदुसष्ट तासांचा होतो. म्हणजे जवळजवळ तीन दिवस आणि तीन रात्री, आणि तेही वीज एकदाही गेली नाही तर. केंद्र शासनाच्याच ‘युडायस’ आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ साली देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आणि ६४.७ टक्के शाळांत संगणक-सुविधा होती. बाकीच्या शाळांना हा हिशेब करण्याचीही संधी नाही.

ही अट कंपन्यांनी गेल्या बारा-तेरा वर्षांत पद्धतशीरपणे काढून घेतली आहे. पूर्वी आज्ञावली तबकडीवर मिळत असे. एकदा किंमत मोजली की ती विकत घेणाऱ्याची. २०१३ च्या मे महिन्यात अ‍ॅडोबीने जाहीर केले की यापुढे आपल्या चित्रकला व मुद्रणविषयक आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच मिळतील. आराखडे काढण्याच्या आज्ञावली विकणाऱ्या ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर आपल्या बहुतेक आज्ञावलींचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. वर्गणी थांबली की आज्ञावली बंद पडते. हे भाडे आहे. भाडेकरूला घरातील भिंतीवर खिळा ठोकण्याची जशी मुभा नसते, तशीच येथे आवृत्ती निवडण्याची नसते. मे २०१९ मध्ये अ‍ॅडोबीने आपल्या वर्गणीदारांना कळविले की यापुढे केवळ शेवटच्या दोन प्रमुख आवृत्त्याच उपलब्ध राहतील. ज्यांनी त्याहून जुन्या आवृत्त्या आपल्या यंत्रांवर ठेवल्या आहेत त्यांना त्या वापरण्याचा परवाना उरलेला नाही आणि तशा वापराबद्दल त्रयस्थ पक्ष दावा लावू शकतील, असा इशाराही दिला. वर्गणी नियमित भरणारा माणूस, काल रात्रीपर्यंत कायदेशीरपणे वापरत असलेल्या आज्ञावलीमुळे, सकाळी कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरला.

या व्यवस्थेची फलश्रुती कंपनीच्या ताळेबंदात दिसते. २०१२ साली अ‍ॅडोबीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४.४ अब्ज डॉलर होते. २०२४ साली ते २१.५ अब्ज डॉलर झाले आणि त्यातील फार मोठा हिस्सा वर्गणीचा आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्याच संघीय व्यापार आयोगाने वर्गणी रद्द करणाऱ्यांवर लादलेल्या आकाराची माहिती दडविल्याचा आरोप ठेवून या कंपनीवर खटला भरला. भांडवलशाहीच्या मायभूमीतील शासनयंत्रणेसही जी गोष्ट डोळ्यांआड करता आली नाही, ती आपल्याकडील शिक्षण खाती निविदा काढताना ‘आधुनिकीकरण’ या नावाने स्वीकारतात!

‘शाळांना आम्ही आज्ञावली फुकट किंवा नाममात्र दरात देतो’, असे कंपन्यांकडून सांगितले जाते आणि ते खोटे नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एकेका वर्षाची मुदत घालून आज्ञावली विनामूल्य देते. दर वर्षी पात्रता सिद्ध करून मुदत वाढवून घ्यावी लागते. पण या उदारपणाचा हिशेब वर्गाबाहेर होतो. शाळेत किंवा तंत्रनिकेतनात एकाच कंपनीच्या हत्यारावर ज्याचा हात बसला, तो नोकरीत तेच हत्यार मागतो आणि त्याची किंमत मालक मोजतो. स्वतंत्र धंदा करणारा छोटा आरेखक ती स्वतःच्या खिशातून भरतो. दुसरी आज्ञावली निवडावी, तर फाइलची जात आड येते. २०१८ ची ‘ऑटोकॅड’ आवृत्ती आली तेव्हा तिने आराखडा साठविण्याची पद्धत बदलली. त्या पद्धतीने साठविलेला आराखडा २०१७ च्या आवृत्तीत उघडत नसे. वरच्या कंत्राटदाराने आवृत्ती बदलली की खालच्या उपकंत्राटदाराने बदललीच पाहिजे, अशी ही साखळी आहे, आणि मारतहळ्ळीच्या शिकवणीत फी भरणारा लातूरचा तरुण त्या साखळीची शेवटची कडी आहे.

आवृत्तीचा प्रश्न हा श्रमिकाच्या कौशल्याचाही प्रश्न आहे, हे मराठी मुद्रणव्यवसायाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. ‘पेजमेकर’ या पानजुळणीच्या आज्ञावलीची ७.० ही शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ साली निघाली. नंतर अ‍ॅडोबीने तिचा विकास थांबवून ‘इनडिझाइन’ पुढे केली. तरीही महाराष्ट्रातील गावोगावचे छापखाने आणि अक्षरजुळणी केंद्रे पुढे कित्येक वर्षे पेजमेकर आणि ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांवरच चालली. याचा अर्थ ते कामगार आळशी होते असा मुळीच नाही. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे अहवाल, संघटनांची मुखपत्रे हे सर्व त्यांच्या बोटांत त्या आवृत्तीच्या रूपाने साठलेले होते. खिळे जुळविणाऱ्या कामगाराचे कौशल्य संगणकाने एकदा निकामी केले होते. संगणकावर नव्याने कमावलेले कौशल्य कंपनी पुन्हा निकामी करीत होती आणि त्याची भरपाई कोणीही देत नव्हते. शिवाय त्या अक्षरसंचांत टंकलिखित केलेला मजकूर मूळ संचाशिवाय उघडला तर वाचता येत नाही, नुसती चिन्हांची रांग दिसते. युनिकोड आल्यानंतर ही कोंडी पुष्कळशी सुटली, कारण युनिकोड हा कोणा एका कंपनीच्या परवान्याने बांधलेला नसून सर्वांस खुला असलेला संकेत आहे. तथापि मराठीतील दोन-अडीच दशकांचा मजकूर आजही जुन्या आवृत्त्यांच्या तळघरात अडकून पडलेला आहे.

जे छापखान्याबाबत झाले ते देशाबाबतही होऊ शकते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी व्हेनेझुएलाविरुद्ध निर्बंधांचा आदेश काढला. त्या आदेशाचा हवाला देऊन ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडोबीने त्या देशातील सर्व वापरकर्त्यांची खाती बंद करीत असल्याचे जाहीर केले. पैसे भरलेले विद्यार्थी, शिक्षक, वृत्तपत्रे, चित्रकार, सारेच त्यात आले. महिनाअखेरीस अमेरिकी शासनाने मुभा दिली आणि सेवा चालू राहिली. परंतु ही मुभा काराकसमध्ये नव्हे, वॉशिंग्टनमध्ये मिळाली. हे दूरच्या देशाचे उदाहरण वाटत असेल तर जुलै २०२५ चे पाहावे. रशियन तेल कंपनी रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असलेल्या, गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या भारतीय कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. भारत सरकारने असे कोणतेही निर्बंध लादलेले नव्हते. तरी मायक्रोसॉफ्टने नायराच्या कर्मचाऱ्यांचा टपाल आणि इतर सेवांचा मार्ग बंद केला. कंपनीस दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे सेवा पूर्ववत झाली. एवढ्या बलाढ्य कारखान्याची ही अवस्था. मग जिल्हा परिषदेच्या शाळेची दाद कोण घेणार?

मारतहळ्ळीच्या नावाची एक लोककथा येथे आठवते. मराठी वाचकास इंग्रजी पाटीवरून ते नाव मराठ्यांशी निगडित वाटते, परंतु स्थानिक लोक त्याचा संबंध शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये घडलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा लोकांनी रचलेली, मारुतची कथा मात्र इतिहासात नोंदलेली आहे. कुर्ट टँक या जर्मन तंत्रज्ञाच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी हे विमान रचले आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम आकाशात उडाले. १९७१ च्या युद्धात त्याने राजस्थान आघाडीवर कामगिरी बजावली. पण ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेल्या या विमानास तो वेग कधीच गाठता आला नाही. त्याचा सांगाडा उत्तम होता. त्यास साजेसे इंजिन नव्हते. ज्या अधिक शक्तिशाली ब्रिटिश इंजिनावर मदार होती त्याचा विकास अर्धवट राहिला आणि भारताने त्यासाठी पैसा उभा केला नाही. पर्यायी इंजिने शोधण्याचे प्रयत्नही तडीस गेले नाहीत. १९९० पर्यंत मारुत सेवेतून निवृत्त झाले. यंत्राचा प्राण परक्याच्या हाती असला की सांगाड्यावरील स्वदेशीची मोहर किती उपयोगी पडते, हे त्याच गावाच्या आकाशाने पाहिले आहे. आज त्याच आकाशाखाली जगासाठी आज्ञावली घडतात आणि आपल्या शाळा त्यांचे भाडे भरतात.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकणे बरोबर नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोके असतात. ती वापरणे म्हणजे चोराला दार उघडे ठेवणे होय, असा तो आक्षेप आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली तेव्हा केरळातील वायनाड व पत्तनंतिट्टा जिल्ह्यांतील ग्रामपंचायत कचेऱ्यांचे संगणकही तिच्या तडाख्यात सापडले. धोका खरा आहे. परंतु त्या घटनेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. ‘विंडोज एक्सपी’ या जुन्या आवृत्तीची सार्वजनिक देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. तरी हल्ला होताच दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती सर्वांस खुली केली. तोवर अशा जुन्या आवृत्त्यांची दुरुस्ती विशेष करार करून पैसे मोजणाऱ्या ग्राहकांपुरतीच राखलेली असे. ‘विंडोज १०’ बाबतही हेच चालले आहे. देखभाल संपली असे जाहीर झाले, पण जो पैसे देईल त्यास दुरुस्ती मिळते. कारखाने-कचेऱ्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, शिक्षणसंस्थांना मात्र १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. दुरुस्ती तयार होते, तिचा खर्च झालेला असतो, आणि तीच वस्तू कोणाला एक व कोणाला एकसष्ट डॉलरला दिली जाते. जुनी आवृत्ती असुरक्षित असते असे म्हणण्यापेक्षा ती असुरक्षित ठेवली जाते, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

मग जुनी आवृत्ती आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात काय? केरळच्या शाळांनी या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात दिले आहे. तेथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प या शतकाच्या आरंभी सुरू झाला, तेव्हा पाठ्यपुस्तक मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलींवरच बेतलेले होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आणि केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन या शिक्षकांच्या संघटनेने त्यास विरोध केला. हा विरोध संगणकाला नव्हता, एका कंपनीच्या मक्तेदारीला होता. हळूहळू सर्व शाळा ‘लिनक्स’ या मुक्त प्रणालीवर आल्या. २०१७ साली या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१९ मध्ये काइटने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी आपली प्रणाली दिली ती ‘उबुंटू’च्या १८.०४ या, म्हणजे एक वर्ष आधीच्या आवृत्तीवर आधारलेली होती. २०२४ साली दिलेली नवी प्रणाली २२.०४ वर, म्हणजे दोन वर्षे जुन्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

यातील ‘जुनी’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणारी एक आवृत्ती दीर्घकाळ टिकविण्यासाठी असते; पाच वर्षे तिच्या रूपात बदल होत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. काइटने ती घेतली, मल्याळम भाषेची सोय केली, जिओजेब्रा, गिम्प, इंकस्केप, स्क्रॅच अशा शिक्षणोपयोगी आज्ञावली तीत घातल्या, पाठ्यपुस्तकाशी मेळ घातला, तपासणी केली आणि मग ती शाळांना दिली. कोणत्याही शाळेने ती कितीही यंत्रांवर बसवावी. मुलाने घरी न्यावी, शेजाऱ्यास द्यावी. कोणी इशाऱ्याचे पत्र पाठवीत नाही. नवी आवृत्ती केव्हा आणायची हे पाठ्यपुस्तक केव्हा बदलते यावरून ठरते. मूळ संकेत हाती असल्याने उद्या मूळ प्रकाशकाने देखभाल थांबविली तरी दुरुस्ती करण्याचा मार्ग बंद होत नाही. काइटने त्या वेळी ३,००० कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. हा आकडा प्रत्येक यंत्रामागे दीड लाख रुपयांचे परवाना-शुल्क गृहीत धरून काढलेला आहे. कंपन्या शाळांना सवलत देतात हे ध्यानी घेता तो चढा वाटण्यास जागा आहे. परंतु बचतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की दोन लाख यंत्रांचे वेळापत्रक राज्याच्या शिक्षकांच्या हाती आले. ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-मंडळांतील मुले आपल्या शाळेतील संगणकांची निगा राखण्यात हातभार लावतात. मक्तेदार कंपनीच्या बंद आज्ञावलीत मुलाला फक्त बटण दाबता येते. येथे त्याला झाकण उघडून आत पाहता येते. मंत्रिमंडळे बदलली, आघाड्या सत्तेवर आल्या आणि गेल्या, तरी हे धोरण टिकले, कारण ते शिक्षकांच्या अंगवळणी पडले होते.

खुद्द बंगळुरातही हा मार्ग अपरिचित नाही. फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटक या संघटनेशी निगडित स्वयंसेवकांनी, म्हणजे पुष्कळ अंशी दिवसा कंपन्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांनीच, गुरप्पनपाळ्य येथील झोपडपट्टीत ‘आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर’ चालविले. तेथील कष्टकऱ्यांची मुले मुक्त आज्ञावलींवर संगणक शिकली. ‘गिम्प’वर त्यांनी चित्रे काढली. जुन्या यंत्रांवर, परवाना-शुल्काचा एक पैसाही न देता! काचेच्या इमारतीतील अभियंता आणि वस्तीतील मूल यांच्यामधील भिंत ओलांडता येते, हे त्या एका खोलीने दाखविले. अर्थात स्वयंसेवकांच्या सुट्टीच्या दिवसांवर साऱ्या राज्याचे शिक्षण चालू शकत नाही. ते शासनाचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्राकडे वळले की चित्र उदास होते. केंद्राच्या ‘आयसीटी’ योजनेखाली राज्यातील हजारो शाळांत संगणक-कक्ष उभे राहिले, ते ‘बूट’ पद्धतीने. खाजगी कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा. संगणक-शिक्षकही कंपनीनेच कंत्राटावर नेमले. पाच वर्षे संपली, कंपन्या गेल्या, शिक्षकांची नोकरी गेली. या शिक्षकांनी कायम करण्याच्या मागणीसाठी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलने केली. यंत्रे शाळेत राहिली. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती का आणि कशी बसविली आहे हे ज्याला ठाऊक होते तो माणूस मात्र बाहेर फेकला गेला. कुलूपबंद कक्ष आणि धूळ खात पडलेले संगणक पाहून ‘सरकारी शाळांना तंत्रज्ञान झेपत नाही’ असा निष्कर्ष काढणारे विद्वान, हा करार कोणी केला होता, हे विचारीत नाहीत.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था आहे. भारतीय भाषा संगणकावर आणण्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तिने २००७ सालीच तयार केली. तेव्हा राज्यात ज्ञान नाही, माणसे नाहीत, संस्था नाही, अशी सबब कोणासही सांगता येणार नाही. शालेय संगणकांच्या प्रत्येक निविदेत काही अटी लेखी घालता येतात. जी आज्ञावली घेतली जाईल तिचे प्रतिष्ठापन-संच शाळेच्या ताब्यात राहिले पाहिजेत. निवडलेली आवृत्ती यंत्र टिकेल तोवर बसविण्याचा आणि पुन्हा बसविण्याचा हक्क शाळेस असला पाहिजे. परवाना तपासणीसाठी परदेशातील यंत्राशी रोज संपर्क साधण्याची सक्ती असता कामा नये. मुलांचे काम खुल्या संकेतात साठविले जावे. कंपनीने देखभाल थांबविली तर दुरुस्त्या खुल्या कराव्यात किंवा मूळ संकेत शासनाकडे ठेवावा. ज्या कंपन्यांना या अटी मान्य नसतील त्यांच्यावाचून पाठ्यक्रम चालविता येतो, हे केरळने दाखविले आहे. आणि या अटींइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक केंद्रशाळेस निदान एक कायमस्वरूपी, पूर्ण वेतनावरचा संगणक-शिक्षक. कारण कपाटातील संच बसविणारा हात नसेल तर तो संच शोभेचाच.

‘विंडोज १०’ साठी शिक्षणसंस्थांना देऊ केलेली सवलतीची देखभाल जास्तीत जास्त ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळेल. तीन शैक्षणिक वर्षांचा हा अवधी नवे यंत्र विकत घेण्याच्या फायली फिरविण्यात घालवायचा, की चालू यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवून, मराठीत पाठ्यपुस्तक लिहून आणि शिक्षक तयार करून तो सत्कारणी लावायचा, हे राज्याच्या शालेय शिक्षण विभागास ठरवावे लागेल; आणि शिक्षक संघटनांनी ते त्याच्याकडून ठरवून घ्यावे लागेल.